सिंदखेडची लेक



दर वर्षीं जानेवारीच्या १२ तारखेस आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेल्या सिंदखेड राजा या गांवीं लाखों माणसें गोळा होतात. त्या दिवशीं, इ. स. १५९८ सालीं, पौषी पौर्णिमेस, तेथें जिजाबाईंचा जन्म झाला असें मानितात. जमलेल्या लोकांस जिजाबाई ठाऊक असतात त्या मुख्यतः शिवाजी महाराजांच्या मातोश्री म्हणून. त्यांच्या मातृपदाविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु आई होण्यापूर्वीं त्याही कोणाच्या तरी लहान लेक होत्या, एका घराच्या अंगणांत खेळल्या, कोणाच्या तरी हाताखालीं चार गोष्टी शिकल्या, ही बाजू बहुधा मागें राहते. ज्या मातेनें पुत्रास घडविलें तिला कोणीं आणि कशानें घडविलें? गांवोगांवच्या आमच्या वाचकांच्या घरांत लेकी वाढत आहेत, म्हणून हा प्रश्न त्यांच्यापुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

सिंदखेड राजा हें गांव जालन्याकडून मेहकराकडे जातांना वाटेंत लागतें. जाधवरावांच्या वाड्याचा उंच दगडी दरवाजा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. वाड्याच्या आंत एक दालन आहे, त्यास म्हाळसा महाल म्हणतात. जिजाबाईंचा जन्म तेथें झाला असें सांगतात. गांवांत रंगमहाल आहे, नीळकंठेश्वराचें जुनें देऊळ आहे, दगडांत मूर्ति कोरलेली पुतळा बारव आहे. मोती तलावाची भिंत एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी बांधलेली आहे, आणि चांदणी तलावाच्या मधोमध पाण्यांत एक इमारत उभी आहे. लखुजी जाधवरावांची समाधि म्हणजे एक मोठी, चौरस, भक्कम दगडी वास्तु होय.

हीं ठिकाणें पाहून आमच्या मनांत एक विचार येतो. आमचा मुलूख काळ्या मातीचा आणि चैत्र लागतांच कोरड्या पडणाऱ्या नाल्यांचा. अशा मुलखांत जो मनुष्य नुसता वाडा बांधतो तो स्वतःपुरतें पाहतो. जो पाणी अडवितो तो नातवंडांपर्यंत पाहतो. जाधवांच्या या गांवांत पाण्याची सोय केवढ्या मेहनतीनें केली होती हें तलाव व बारवा आजही सांगतात. लहानपणीं जें डोळ्यांसमोर असतें तें शिकवावें लागत नाहीं. जमीन राखावी, पाणी राखावें, रयत टिकवावी, हा धडा त्या लेकीच्या अंगणाबाहेरच मांडलेला होता.

जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव हे आपणांस देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती, आणि अहमदनगरच्या निजामशाहींत ते मोठ्या फौजेचे सरदार होते. आईचें नांव म्हाळसाबाई. कांहीं ठिकाणीं गिरिजाबाई असेंही येतें. दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादुरजी हे भाऊ. इतक्या भावांच्या घरांत ती मुलगी वाढली.

देशमुखी म्हणजे काय हें आजच्या तरुणांस सांगावें लागेल. देशमुख हा परगण्यांतील पाटलांचा वडील. सरकारचा सारा गोळा करावयाचा त्यानें, ओसाड पडलेल्या गांवीं पुन्हां वस्ती बसवावयाची त्यानें, शेताच्या बांधाचा आणि वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतास बसवून निवाडा करावयाचाही त्यानेंच. त्यामुळें देशमुखाचा वाडा हा नुसता राहण्याचा वाडा नसे. तेथें कुळें येत, कुळकर्णी दप्तर घेऊन येत, फिर्यादी येत, शिलेदार आपापलीं घोडीं घेऊन येत. सोप्यावर काय चाललें आहे हें माजघरांत ऐकूं जात असे. धनी मोहिमेवर गेला म्हणजे कोठार, माणसें आणि जनावरें यांचा सांभाळ घरच्या बायकांच्या अंगावर पडे. मुलींसाठीं पाटी-पुस्तकाची शाळा त्या काळीं नव्हती; परंतु अशा घरांतील चौकस मुलीस राज्यकारभाराचें पहिलें पुस्तक उंबऱ्याशींच उघडें सांपडे. जिजाबाई लहानपणीं घोड्यावर बसावयास आणि तलवार धरावयास शिकल्या असें परंपरेनें सांगतात. घोडदळाच्या सरदाराच्या घरीं, चार भावांच्या सोबतींत वाढलेल्या मुलीविषयीं हें ऐकून कोणास नवल वाटावयास नको.

आतां तो काळ कसा होता तें पाहूं. जिजाबाईंच्या जन्मापूर्वीं दोनच वर्षें, म्हणजे १५९६ सालीं, अकबर बादशहाच्या फौजेनें अहमदनगरास वेढा घातला होता. चांदबिबी नांवाच्या शूर राजकन्येनें तो किल्ला लढविला. परंतु तहांत वऱ्हाड प्रांत मोगलांस लिहून द्यावा लागला. १६०० सालीं अहमदनगरचा किल्लाही पडला. तेव्हां ही मुलगी अवघी दोन वर्षांची होती. त्यानंतर गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी, मलिक अंबर, आपल्या कर्तृत्वानें वर चढला, त्यानें निजामशाही घराण्यांतील एका पुरुषास गादीवर बसविलें आणि १६२६ सालीं मरेपर्यंत दिल्लीच्या फौजांशीं झुंज दिली. सिंदखेड हें या दोन सत्तांच्या ओढाताणीच्या मुलखांत होतें. आज एका बादशहाचा अंमल, उद्यां दुसऱ्याचा, आणि दोहोंच्या घोड्यांस वैरण रयतेच्याच शेतांतली. जातें थांबलें तर दळण राहतें, पण फौज आली तर दाणाच राहत नाहीं. अशा दिवसांत जें मूल वाढतें तें एक तर भित्रें होतें, नाहीं तर लवकर शहाणें होतें.

त्या काळच्या मराठे सरदारांची एक अडचण होती. त्यांच्या अंगीं शौर्य होतें, पदरीं फौज होती, परंतु तलवार दुसऱ्याच्या सेवेची. निजामशहा रुसला तर आदिलशहा, आदिलशहा रुसला तर मोगल. यांत कोणास कोणी दोष देत नसे. चाकरीची रीतच तशी पडून गेली होती. लखुजीराव याच रीतींतले एक थोर पुरुष होते. त्यांच्या लेकीचें पुढील आयुष्य पाहतां, ही रीत तिनें जवळून पाहिली आणि तिची किंमतही तिलाच सर्वांहून अधिक द्यावी लागली, असें म्हणावें लागतें.

जिजाबाईंच्या सोयरिकीची एक गोष्ट बखरींत आली आहे, ती आमच्या वाचकांनीं ऐकली असेलच. रंगपंचमीच्या सणास लखुजीरावांकडे सरदारांची बैठक भरली होती. वेरूळचे मालोजी भोसले आपला लहान मुलगा शहाजी यास घेऊन आले होते. शहाजी आणि जिजा हीं दोन मुलें एकमेकांवर रंग उडवूं लागलीं, तेव्हां लखुजीराव कौतुकानें सहज बोलून गेले कीं जोडा शोभून दिसतो. मालोजी तत्काळ उभे राहिले, त्यांनीं भरल्या बैठकींत सोयरीक ठरल्याचें जाहीर केलें आणि सर्वांस साक्षी ठेविलें. ही बातमी आंत गेल्यावर म्हाळसाबाईंस राग आला. भोसल्यांची योग्यता आपल्या बरोबरीची नाहीं असें त्यांचें म्हणणें पडलें. मग रुसवे झाले, भोसले निघून गेले, आणि पुढें त्यांचा दर्जा वाढल्यावर लग्न झालें, असें ती गोष्ट सांगते. या बखरी त्या काळानंतर पुष्कळ वर्षांनीं लिहिल्या गेल्या, आणि भोसले घराणें त्या वेळींही बरेंच नांवाजलेलें होतें. म्हणून इतिहास पारखणारे पंडित ही कथा जशीच्या तशी घेत नाहींत. तथापि लग्न झालें हें खरें, आणि १६०५ च्या सुमारास, म्हणजे वधू सात-आठ वर्षांची असतां झालें, असें सामान्यतः धरितात.

या कथेंत आमच्या ध्यानांत भरतें तें निराळेंच. सर्व बैठकींत ज्याचें त्याचें बोलणें आहे. बाप बोलतो, व्याही बोलतो, आईही आंतून बोलते. मानापमान मोजला जातो, घराण्यांची तुलना होते. जिच्या जन्माचा प्रश्न आहे त्या चिमुकल्या मुलीस मात्र रंगानें भरलेले हात घेऊन उभें राहण्यापलीकडे त्या कथेंत कांहीं काम नाहीं. दोन घरें एकमेकांस बांधावयाचीं, आणि त्यासाठीं लागणारा दोर म्हणजे लेक, अशी ती समजूत होती.

ही समजूत आपल्याच देशांत होती असें नाहीं. त्याच वेळीं दूर ब्रिटन बेटांत एक राजकन्या वाढत होती. स्कॉटलंडचा राजा जेम्स याची ती मुलगी, नांव एलिझाबेथ. तिचा जन्म १९ ऑगस्ट १५९६ रोजीं झाला, म्हणजे जिजाबाईंहून ती सुमारें दीड वर्षानेंच मोठी. १६०३ सालीं तिच्या बापास इंग्लंडचेंही राज्य मिळालें. तेव्हां त्यानें तिला आईबापांपासून दूर, कूंब ॲबी नांवाच्या एका वाड्यांत, लॉर्ड हॅरिंग्टन व त्यांची पत्नी यांच्या स्वाधीन वाढावयास ठेविलें. तेथें तिला भाषा, गायनवादन, घोड्यावर बसणें आणि प्रॉटेस्टंट धर्माचें शिक्षण मिळालें. १६०५ सालीं, जेव्हां इकडे जिजाबाईंच्या लग्नाच्या अक्षता पडत होत्या म्हणतात, तेव्हां तिकडे रोमन मताच्या कांहीं कटवाल्यांनीं पार्लमेंट दारूनें उडवून राजाला मारावयाचें, या नऊ वर्षांच्या मुलीस पळवावयाचें आणि तिला नांवापुरतें गादीवर बसवावयाचें, असा बेत केला. तो उघडकीस आला, म्हणून ती वांचली. १६१३ सालीं तिचें लग्न जर्मनींतील एका प्रॉटेस्टंट राजाशीं झालें, आणि १६१९ सालीं तो बोहेमियाचा राजा झाला. पुढच्याच वर्षीं, १६२० च्या नोव्हेंबरांत, प्राग शहराजवळ त्याचा पराभव झाला. एक हिंवाळाभर राणी होऊन ती जी देशोधडीस लागली ती पुढील चाळीस वर्षें हॉलंडांत परक्यांच्या आश्रयास राहिली. १६३२ सालीं ती विधवा झाली. तिचाच नातू १७१४ सालीं इंग्लंडच्या गादीवर बसला.

एकीचें घर सिंदखेडास, दुसरीचें समुद्रापलीकडे. धर्म निराळा, भाषा निराळी, अन्नवस्त्र निराळें. परंतु दोघीही मोठ्यांच्या डावांत लहानपणींच ओढल्या गेल्या, आणि डाव मोडला तेव्हां दोघींसही मोडलेल्या डावांतच संसार करावा लागला. आतां जिजाबाईंच्या डावाचें काय झालें तें सांगतों.

लग्नानें दोन घरें बांधलीं गेलीं खरीं, पण तो दोर फार दिवस टिकला नाहीं. शिवाजी महाराजांच्या पदरीं असलेल्या कवींद्र परमानंदानें संस्कृत शिवभारतांत एक प्रसंग लिहून ठेविला आहे. निजामशहाचा दरबार आटोपून सरदार बाहेर पडत असतां खंडागळे नांवाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसें तुडवूं लागला. जिजाबाईंचे बंधु दत्ताजी जाधव त्या हत्तीवर चालून गेले. भोसल्यांकडील संभाजी, म्हणजे शहाजीराजांचे चुलतभाऊ, खंडागळ्यांच्या बाजूनें आडवे आले. हत्ती बाजूला राहिला आणि जाधव व भोसले एकमेकांवर पडले. संभाजींच्या हातून दत्ताजी मारले गेले. पुढें गेलेले लखुजीराव पुत्राच्या मृत्यूची वार्ता ऐकून परत फिरले. त्यांच्या हातून खुद्द जांवई शहाजीराजे जखमी झाले, आणि संभाजी ठार झाले.

वाचकहो, क्षणभर थांबून या स्त्रीची अवस्था ध्यानांत आणा. भाऊ मेला, तो सासरच्या माणसाच्या हातून. दीर मेला, तो बापाच्या हातून. नवऱ्याच्या दंडावरील जखम बापाच्या तलवारीची. कोणासाठीं रडावें आणि कोणापुढें रडावें? आणि हें सर्व कशापायीं, तर एका जनावराच्या बिथरण्यापायीं. बांधावरच्या बाभळीपायीं, बैल शेतांत शिरल्यापायीं, लग्नांतल्या मानपानापायीं जीं भांडणें आपल्या गांवांत होतात त्यांहून हें भांडण थोर नव्हतें. तलवारी मात्र थोरांच्या होत्या.

यानंतर दोन्ही घरें दोन पक्षांस पडलीं. लखुजीराव मोगलांकडे होते, आणि शहाजीराजे निजामशाहींत मलिक अंबराच्या बाजूस. १६२४ सालीं अहमदनगराजवळ भातवडीस जी मोठी लढाई झाली तींत सासरा एका फौजेंत आणि जांवई दुसऱ्या फौजेंत होता. मलिक अंबराचा जय झाला. शहाजीराजांचे धाकटे बंधु शरीफजी त्या लढाईंत पडले. पुढें लखुजीराव पुन्हां निजामशाहींत आले. परंतु दरबाराचा विश्वास उडालेला होता. २५ जुलै १६२९ रोजीं ते देवगिरीच्या किल्ल्यांत निजामशहाच्या मुजऱ्यास गेले असतां त्यांच्यावर दगा झाला. लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी, आणि नातू यशवंतराव असे एका घराचे चार पुरुष एकाच दिवशीं कापले गेले. ज्या धन्याची चाकरी केली त्याच्याच उंबऱ्यांत हा प्रकार घडला. सासऱ्याच्या या खुनानंतर शहाजीराजांनींही निजामशाही सोडली.

त्या वेळीं जिजाबाई एकतीस वर्षांच्या होत्या आणि गरोदर होत्या. थोरला मुलगा संभाजी लहान होता. त्यांचा मुक्काम जुन्नराजवळ शिवनेरी किल्ल्यावर होता. तेथेंच १९ फेब्रुवारी १६३० रोजीं त्यांच्या पोटीं शिवाजीराजे जन्मले. माहेर तर उध्वस्त झालेलें. नवरा मोहिमांत गुंतलेला. आणि त्याच वर्षापासून दख्खनांत असा दुष्काळ पडला कीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं, जनावरें गेलीं, माणसें पोटासाठीं देशोधडीस लागलीं. सिंदखेडच्या वाड्यांत, धनधान्यानें भरलेल्या कोठारांत वाढलेल्या त्या लेकीनें आपलें मूल या दिवसांत वाढविलें.

मनुष्याचें शिक्षण कसें झालें याची परीक्षा अशा दिवसांत होते. अशा दिवसांत दोन वाटा असतात. एक म्हणजे झालेल्या दुःखाचें बोट धरून सूड घोकीत बसावें, मुलांसही दोन घरांचें वैर पाजावें. दुसरी म्हणजे जें वाईट पाहिलें तें आपल्यापाशीं थांबवावें आणि जें चांगलें पाहिलें तें पुढें द्यावें. जिजाबाई कोणत्या वाटेनें गेल्या हें त्यांच्या पुढील चरित्रावरून स्पष्ट दिसतें.

पुढें शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरींत कर्नाटकांत गेले, आणि जिजाबाई शिवाजीराजांसह पुण्यास राहिल्या. त्या वेळीं पुणें म्हणजे लढायांनीं जाळलेलें, उजाड झालेलें गांव होतें. दादाजी कोंडदेव यांच्या कारभारांत तेथें पुन्हां वस्ती झाली, रानें मोडून शेतें झालीं, लाल महाल बांधला गेला. तेथें सोन्याच्या फाळाचा नांगर धरविला अशी आठवण लोक सांगतात. सिंदखेडास देशमुखाच्या वाड्यांत जें लहानपणीं पाहिलें होतें, म्हणजे ओसाड गांव पुन्हां कसा बसवावा, कुळास कसें धीर द्यावें, त्याचाच हा पुढचा पाठ होता. जिजाबाई स्वतः तंटेबखेडे ऐकत व निवाडा देत. त्यांच्या नांवाचीं अशा कामांचीं पत्रें आजही पाहावयास मिळतात.

त्यांची दुःखें संपलीं नव्हतीं. थोरला मुलगा संभाजी कर्नाटकांत कनकगिरीच्या लढाईंत मारला गेला. १६६४ च्या जानेवारींत शहाजीराजे शिकारीस गेले असतां होदिगेरे येथें घोड्यावरून पडून वारले. त्या वेळीं जिजाबाई सती जाण्यास निघाल्या होत्या, आणि शिवाजीराजांनीं त्यांस परतविलें, असें सभासदाच्या बखरींत आहे. ती चिता पेटली नाहीं हें सर्व महाराष्ट्राचें भाग्य होय. कारण दोनच वर्षांनीं, १६६६ सालीं, शिवाजीराजे आगऱ्यास बादशहाच्या भेटीस गेले आणि कैदेंत सांपडले, तेव्हां मागें राज्य सांभाळावयास अडुसष्ट वर्षांच्या जिजाबाईच होत्या. राजा शत्रूच्या हातांत, परत येईल कीं नाहीं ठाऊक नाहीं, आणि तरी एकही किल्ला फितला नाहीं, कारभार ढळला नाहीं. धनी मोहिमेवर गेला असतां घर कसें राखावें हें त्या लेकीनें आईच्या माजघरांत पाहिलें होतें. आतां घराच्या जागीं राज्य होतें, इतकाच फरक.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला. जाधवांच्या, भोसल्यांच्या आणि तशा कितीएक घराण्यांच्या तलवारी ज्या परक्या दरबारांच्या सेवेंत झिजल्या त्यांस आपलें असें एक सिंहासन मिळालें. तें पाहावयास जिजाबाई जिवंत होत्या. त्यानंतर अकराच दिवसांनीं, १७ जूनला, गडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें त्यांनीं देह ठेविला. तेथेंच त्यांची समाधि आहे. सिंदखेडाहून निघालेली ती लेक शहात्तर वर्षांनीं सह्याद्रीच्या कुशींत विसांवली.

आतां आमच्या वाचकांशीं दोन शब्द बोलून हा लेख आटोपतों. जिजाबाई आपल्या धर्माच्या निष्ठावंत होत्या, आणि आमचा मार्ग वेगळा आहे. परंतु सद्गुण जेथें दिसेल तेथें त्याचा मान राखावा, आणि आपल्याच जिल्ह्याच्या मातींत उगवलेल्या सद्गुणाविषयीं तर आपण अनभिज्ञ राहूं नये, असें आम्हांस वाटतें.

पहिली गोष्ट अशी कीं मूल ऐकून थोडें शिकतें, पाहून पुष्कळ शिकतें. आपल्या झोंपडींत तलाव नाहीं आणि कचेरीही नाहीं. परंतु शेजाऱ्याचें माप आपण कसें भरतों, दारीं आलेल्याशीं कसें बोलतों, उसनें आणलेलें केव्हां परत करितों, हें चुलीपाशीं बसलेली मुलगी पाहतच असते. तिचा वर्ग सुटत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं लेक ही दोन घरांची सांधणी होऊं शकते हें खरें, पण ती बाजारांतला दोर नव्हे. बैठकींत मोठ्यांच्या मानासाठीं तिचा सौदा करूं नये. कोवळ्या वयांतील लग्नाची चाल कायद्यानेंही बंद झाली आहे. तरी ती आपल्या भागांत अजून चोरून होते हें आपणांस ठाऊक आहे. ज्या घरीं तसा विचार चालला असेल तेथें उपदेशकांनीं संकोच न करितां जावें आणि आईबापांस समजावावें. मुलीस शाळेंतून काढण्यापूर्वीं बापानें एकदां सिंदखेडाचा रस्ता आठवावा.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. घरांत वैर आलें असतां तें पुढच्या पिढीस देऊं नये. माहेर आणि सासर यांच्या भांडणांत किती तरी बाया आजही उभ्या जळत आहेत. सणास माहेरीं पाठवीत नाहींत, मयतासही जाऊं देत नाहींत. अशा बायांस आम्ही इतकेंच सांगूं कीं या जिल्ह्यांतील एका लेकीच्या वांट्यास याहून शतपट दुःख आलें होतें. तिनें तें दुःख नाकारलें नाहीं, आणि तें मुलाच्या तोंडांत घासाबरोबर भरविलेंही नाहीं. आणि जे पुरुष हा लेख मंडळींत वाचून दाखवितील त्यांनीं आपल्या सुनेस या दिवाळीस माहेरीं पाठविलें किंवा नाहीं याचा विचार वाचन संपल्यावर घरीं जाऊन करावा.

सिंदखेडास जाण्याचा योग आला तर वाड्याचा दरवाजा पाहून परत फिरूं नये. थोडें पुढें जाऊन मोती तलावाच्या भिंतीवर उभें राहावें. ज्यांनीं ती भिंत घातली त्यांच्या तलवारी गंजून गेल्या, ज्या दरबारासाठीं त्या चालल्या तो दरबार १६३६ सालींच बुडाला. अडविलेलें पाणी मात्र राहिलें. आणि त्या घरांतून दुसऱ्याच्या घरीं गेलेली जी एक लेक, तिच्यामुळें त्या घराचें नांवही राहिलें.